आधी आकडा, मग गोणपाट

‘मॅम, किती?’ प्रणालीने गोल्फच्या कार्डावर पेन टेकवून विचारलं, आणि केसरच्या डोक्यात आकडा नव्हता. चुकीचा होता असं नाही, पाच की सहा असा घोळही नव्हता. अंधारात फळीवर हात फिरवावा आणि रोजच्या जागी डबाच नसावा, तसं काहीतरी. त्या रिकाम्या जागेला एक गारवा होता, तो कानामागून मानेत उतरला. हातात गोणपाटाची दोरी होती. गोणपाट ओढून झालं होतं. समोर तिसऱ्या होलची वाळू सारवल्यासारखी सपाट पडली होती आणि तिच्यावर कुणाचंच काही उमटलेलं नव्हतं.

‘पाच,’ ती म्हणाली. दवाखान्यातल्या लॅबच्या खिडकीतून ‘हिमोग्लोबिन नऊ’ म्हणून सांगायची ना, तो आवाज. सव्वीस वर्षं वापरलेला, आपोआप निघणारा. प्रणालीने पाच लिहिलं. हर्षदभाई ‘वाह, केसरबेन’ म्हणाले आणि ट्रॉली ओढत चौथ्याकडे चालू लागले. खाडीत आगरदांड्याकडे निघालेल्या फेरीबोटीने भोंगा दिला. झालं ते एवढंच. याच्याहून कमी काही घडणं कठीण आहे, असं केसरला वाटलं.

हे काही टीव्हीवर दिसतं तसलं गोल्फ नव्हे. कंपनीच्या वसाहतीला लागून, खाडीच्या कडेने, नऊ होलांचं मैदान. पावसाळ्यात हिरवं, होळीनंतर म्हशीच्या पाठीसारखं. टीव्हीवर जिथे मखमली हिरवळ असते तिथे इथे ‘ब्राउन’ असतात. जळकं तेल घालून चोपलेल्या वाळूची गोल खळी, मधोमध भोक. चेंडू भोकाकडे ढकलला की वाळूवर रेघ उमटते. एक ढकल, एक रेघ. खेळणाऱ्यांचे बूट, रेघा, कुणी रागाने आपटलेल्या दांड्याची खूण, सगळं वाळूत राहतं, आणि शेवटी ज्याचा चेंडू भोकात जाईल त्याने मागून येणाऱ्यांसाठी गोणपाट ओढून ते पुसून टाकायचं. म्हसळ्याला हार्डवेअरचं दुकान असलेले हर्षदभाई क्लबातले सगळ्यात जुने मेंबर. नवीन माणूस आला की ते त्याला दांडा धरायला शिकवायच्या आधी हे शिकवतात. आधी आकडा, मग गोणपाट. वाळू बोलते तोवर भांडण मिटतं, नंतर देवसुद्धा मिटवू शकत नाही. सात वर्षं केसरने हे पाळलं होतं. तिला गोणपाट ओढायला आवडायचं म्हणून ती मुद्दाम शेवटी राही; चिखलणीनंतर फळी फिरवल्यावर शेत कसं शांत दिसतं, तसं मागे वळून बघायला आवडायचं. आज ती आकडा न सांगताच ओढत सुटली. का, तेही आठवत नव्हतं.

चौथ्या होलपर्यंतची पायवाट पळसाखालून होती. कुठेतरी राब भाजत होते, धुराचा गोड वास येत होता. केसरने चालता चालता तिसरा होल पुन्हा खेळून पाहिला. पहिला फटका सरळ गेला होता, हे नक्की, कारण प्रणाली ‘नाइस, मॅम’ म्हणाली होती. दुसरा खाडीकाठच्या तिवरांकडे वळला होता. मग वाळकं गवत, त्यात एक बगळा, बगळ्याचे पिवळे डोळे. बगळा तर इतका स्पष्ट होता की त्याच्या चोचीवरचा चिखल दिसत होता. मग ती ब्राउनवर होती आणि दोरी हातात होती. बगळा आणि दोरी यांच्यामध्ये किती फटके होते? एक होता की तीन? तिथे वाळू सपाट होती.

सगळेच विसरतात, तिने स्वतःला सांगितलं. हर्षदभाई तर दर होलला विसरतात. पण ते सोयीने विसरतात, एकदाही जास्तीचा फटका त्यांच्या आठवणीत उगवलेला नाही. विसरणं त्यांच्या ताब्यात आहे. केसरच्या ताब्यात नव्हतं, आणि ही पहिली वेळ नव्हती. संक्रांतीच्या आसपास लॅबमध्ये तिने दोन नळ्यांवर उलटसुलट नावं चिकटवली होती. मशीनमध्ये घालायच्या आधी तिच्याच लक्षात आलं, तिनेच बदललं, कुणाला कळलं नाही. ती एक. मग फेब्रुवारीत माणगावच्या स्टँडवर तळ्याची गाडी समोर लागली, पाटी वाचली, आणि ‘तळा’ हे काय आहे ते तिला उमगेना. माहेरचं गाव तळ्याच्या पुढे चार किलोमीटर, लहानपणापासून त्याच गाडीने आलेली गेलेली बाई पाटीकडे बघत उभी. गाडी मागे घेऊन फलाटाला लावायला जेवढा वेळ लागतो तेवढाच वेळ. मग सगळं परत आलं आणि ती चढली, खिडकीजवळची जागासुद्धा मिळाली. ती दोन. त्या दिवशी तिने गाडीतच ठरवलं होतं की तिसऱ्यांदा झालं तर रामचंद्रला सांगायचं. नवरा एसटीत कंट्रोलर होता, तीस वर्षं माइकवरून गाड्या पुकारल्यात त्याने. त्याला सांगायचं म्हणजे अख्ख्या स्टँडला ऐकू जाणार असं तिला उगाच वाटायचं. आणि आता तिसऱ्याच होलवर तिसरी वेळ उभी होती, आणि केसर तिच्याशी घासाघीस करत होती, की बाई, तू खरंच तिसरी आहेस का? खेळातलं धरायचं का?

चौथ्यावर ती मोजत खेळली. जांभ्याचे बारीक खडे उचलून प्रत्येक फटक्याला एक खडा उजव्या खिशात टाकायचा. बोटं लाल झाली. मनातल्या मनात मोजताना पहिल्या खड्याला तिने ‘एक’ म्हटलंच नाही, ‘लाभ’ म्हटलं, आणि खिशातला हात तिथेच थांबला. गोल्फ खेळताना ती कायम अशीच मोजायची की आजच, हेही सांगता येईना. माहेरी भात मापताना पहिल्या पायलीला एक म्हणत नसत. लाभ म्हणायचं, मग दोन, तीन, चार. खळ्यावर आई राशीपुढे मांडी घालून बसायची, पायली भरायची, हाताच्या कडेने वरचं भात सारून पोत्यात ओतायची आणि म्हणायची, ‘लाभ.’ पोत्याचं तोंड धरून उभे असलेले बाबा म्हणायचे, ‘लाभ.’ आई म्हणायची, ‘दोन.’ बाबा म्हणायचे, ‘दोन.’ मापणाऱ्याने एकदा म्हणायचं, धरणाऱ्याने एकदा. लहान केसरला वाटायचं बाबांना ऐकू कमी येतं. पुढे कळलं की तसंच असतं, आकडा दोन तोंडांनी धरला की सांडत नाही. आईचा हात लाभाचा म्हणून शेजारची खळीही तिलाच बोलवायची. ‘भागूआक्काला बोलवा.’ बाबा गेले त्याच्या दुसऱ्या वर्षी केसर मुलीच्या, आरोहीच्या, दहावीचे राहून गेलेले पेढे घेऊन दिवाळीनंतर गेली तेव्हा खळ्यावर माप चाललं होतं. पोतं खुंटीला अडकवलं होतं. आई म्हणाली, ‘लाभ.’ पायली ओतली. भरली. ‘लाभ.’ ओतली. भरली. ‘लाभ.’ सगळे हसले. कुणीतरी म्हणालं, ‘आक्का, अख्खी रास लाभातच घालताव की काय?’ आईही हसली, पदराने तोंड पुसलं, आणि म्हणाली, ‘लाभ.’ आणि केसर हसली होती. पेढ्याचा पुडा मांडीवर घेऊन, लॅबमधली शिकलेली मुलगी, चांगली खळखळून हसली होती. त्यानंतर आईला डॉक्टरकडे न्यायला दोन वर्षं गेली. तोवर आई केसरला ‘कोण गो तू, कोणाची?’ असं फार मायेने विचारू लागली होती.

‘मॅम, किती?’

‘सहा.’ खडे सहा होते. गोणपाट हर्षदभाईंनी ओढलं.

पाचव्या होलच्या कडेला मोरूदादा बसले होते. क्लबातले सगळे ब्राउन तेच राखायचे, वाळू चाळून तेल घालून चोपायचे, गोणपाटं शिवायचे. सत्तरीचे, केसरच्या माहेरच्या वाडीतले. केसर मेंबर झाली तेव्हा त्यांनाच जास्त लाज वाटली होती, आपल्यातली बाई साहेबलोकांत दांडा फिरवते म्हणून. आता सवयीने तिच्या चुकाही काढायचे. ती चेंडू शोधायचं निमित्त करून त्यांच्याजवळ गेली.

‘मोरूदादा, मघाशी तिसऱ्याला मी खेळत होते तेव्हा तुम्ही तिथेच होता ना?’

‘व्हय, तिवरांच्या बाजूला.’

‘किती मारले हो मी? पाहिलंत?’

मोरूदादा हसले. पुढचे दोन दात नव्हते. ‘मी कशाला मोजू? तू काय भात मापतंस?’ मग त्यांचं त्यांनाच काही आठवलं असावं. ‘मापावं ते भागूआक्कानी. काय हात व्हता! शेवटाला लाभाला अडकली म्हातारी.’

अडकली. काटा अडकतो, मासा गळाला अडकतो. त्यांच्या बोलण्यात वाईट काही नव्हतं, म्हाताऱ्याने म्हातारीची काढलेली आठवण फक्त. पण केसरला वाटलं, ते तिच्याकडे जरा जास्त वेळ बघताहेत. चेहऱ्यावर काही दिसतं का? आईच्या चेहऱ्यावर काय दिसायचं सुरुवातीला? काहीच नाही. आई छान दिसायची. त्या वर्षी सगळे म्हणायचे, आक्काची तब्येत सुधारली.

भीतीचं एक आहे, ती अंगाला कामाला लावते. सहावा होल खाडीच्या चिंचोळ्या फाट्यावरून मारायचा, खाली चिखल आणि खेकड्यांची बिळं. सात वर्षांत केसरने तिथे पन्नासेक चेंडू तरी खेकड्यांना वाहिले असतील. आज ती दांडा घेऊन उभी राहिली तेव्हा खांदा, मनगट, डोकं खाली ठेवणं, यातलं काही तिच्या मनात नव्हतं. मनात ती तळ्याची पाटी होती. हात आपले आपण वर गेले आणि खाली आले, आणि चेंडू इतका हलका उडाला की आवाज मागाहून आल्यासारखा वाटला. पलीकडच्या वाळूवर पडला, भोकाकडे घरंगळला, हातभर अलीकडे थांबला.

‘ओ माय गॉड, मॅम! भारी! कसलं मारलंत!’ प्रणाली उड्या मारायला लागली. ती बंदरावरच्या ऑफिसात एचआरला होती, खारघरची, तिशीची. शनिवार-रविवार इथे बोअर होतं म्हणून गोल्फ. ‘सिरियसली, आज तुमचा दिवस आहे.’

केसरही हसली. पुढची ढकल थेट भोकात गेली. लाभ, दोन. खिशात दोन खडे. तिला एकदम वाटलं की ज्याला विसरायचंय ते डोकं आहे, अंगाला सगळं येतं. आणि मग आठवलं की आईलाही शेवटपर्यंत पायली भरता येत होती. एक दाणा इकडचा तिकडे नाही. हाताच्या कडेने वरचं भात अगदी तसंच सारायची.

सातवा, आठवा. ऊन वर चढलं, कोळीवाड्याकडून सुकटीचा वास यायला लागला. ती खडे टाकत राहिली, हात पँटला पुसत राहिली. प्रत्येक होल म्हणजे परीक्षा होती आणि प्रत्येक परीक्षेत ती पास होत होती, आणि त्यामुळे तिसरा होल आणखी काळा दिसत होता. आठव्याच्या ब्राउनवर हर्षदभाईंनी स्वतःच्या तळहातावर बोटाने बेरीज केली. पुढच्या तुकड्या खेळून गेल्या होत्या, त्यांच्यात सगळ्यात कमी त्रेपन्न. ‘केसरबेन, तुमी नवव्यावर पाच केले ने, तर एक्कावन. माझे होतील बावन. कप तुमचा!’ कप म्हणजे पितळेचा, दुधीएवढा, गेली नऊ वर्षं एकाही बाईच्या घरी न गेलेला. रामचंद्रने टीव्हीवरची जागा कधीच रिकामी करून ठेवली होती, थट्टेने, पण ठेवली होती. एक्कावन्न आणि बावन्न. एका फटक्याचं अंतर, आणि तो फटका बगळ्याच्या पलीकडे सपाट वाळूत कुठेतरी.

नववा तिने पाचात पुरा केला. पाच खडे. शेवटचा चेंडू आत पडला तसा डब्यात नाणं पडल्यासारखा आवाज झाला आणि प्रणालीने दोरीला हात घातला.

‘थांब,’ केसर म्हणाली.

‘काय झालं, मॅम?’

‘जरा बघू दे.’

वाळूवर तिच्या चेंडूच्या दोन रेघा होत्या. एक लांब, थोडी डावीकडे झुकलेली, दुसरी वीतभर. ब्राउनवर यायला तीन, आणि या दोन. वाळू खरं बोलत होती आणि तिच्या खिशाशी तिचं जमत होतं. केसर तिथे जरुरीपेक्षा जास्त वेळ उभी राहिली. हर्षदभाईंना वाटलं, जिंकलेली बाई आपली शेवटची रेघ बघतेय. त्यांनी अदबीने टोपी काढली. मग प्रणालीने गोणपाट ओढलं आणि रेघा गेल्या.

बदामाखाली टेबल मांडलं होतं, त्यावर तो कप, समोसे आणि कोकम सरबत. इथला नियम असा की आपलं कार्ड आपण लिहायचं नाही, दुसऱ्याने लिहायचं, आणि शेवटी दोघांनी सही करायची. प्रणालीने आपली सही ठोकून कार्ड केसरपुढे सरकवलं. पाच, सात, पाच, सहा... सगळे आकडे प्रणालीच्या गोल गोल अक्षरांत, सगळे सारखेच खरे दिसणारे. तिसऱ्या चौकटीतला पाच बाकीच्या पाचांहून जराही वेगळा नव्हता. केसरने पेन घेतलं. दिवसाला तीस-चाळीस रिपोर्टांवर ती सही करायची. रक्त गोठलेलं आलं, नळी फुटली, मशीनने वेड्यासारखं काही दाखवलं, तर ती लिहायची, ‘नमुना पुन्हा पाठवा.’ डॉक्टर ओरडायचे, पेशंट हात जोडायचे, अंदाजे सांगा ना मॅडम. सव्वीस वर्षांत तिने एकही आकडा अंदाजाने लिहिला नव्हता. आज सकाळी सव्वाआठला पहिला सांगितला होता.

‘तिसऱ्या होलचं मला माहीत नाही,’ ती म्हणाली.

‘शूं?’

‘पाच म्हणाले, ते असंच म्हणाले. मला आठवत नव्हतं. अजून आठवत नाही.’

हर्षदभाई हसले. ‘अरे जवा दो ने, केसरबेन! फ्रेंडली मॅच छे. पाच एटले पाच. मी तर दर वखत असाच सांगतो!’ शेजारच्या टेबलावरचेही हसले. प्रणाली म्हणाली, ‘मॅम, चिल ना. मी पण बघितलं नव्हतं, मी फोनवर होते. कोण विचारतंय?’ कुणीतरी म्हणालं, ‘कप द्या बाईंना लवकर, नाहीतर सहा म्हणतील.’ पुन्हा हसू. प्रेमाचं, मोकळं हसू, समोशाच्या वाफेसकट. केसरने ते ओळखलं. खळ्यावरचंच होतं ते, तिच्या स्वतःच्या घशातून निघालेलं. आई त्यात पदराने तोंड पुसत बसली होती आणि कुणी तिच्या पोत्याचं तोंड धरलेलं नव्हतं.

‘हर्षदभाई,’ ती म्हणाली. आवाज लॅबचा नव्हता, जरा चिरका, तिला अनोळखी. ‘विसरले म्हणजे तुम्ही विसरता तसं नाही हो. तिथे काही नाहीच आहे. मी भीतीने पाच म्हणाले.’

हसू एकदम नाही थांबलं. आधी प्रणालीचं, मग हर्षदभाईंचं, शेजारच्या टेबलावरचं सगळ्यात शेवटी. हर्षदभाईंनी तिच्या तोंडाकडे पाहिलं, नजर खाली नेली आणि सरबताचा पेला उगाचच टेबलाच्या मधोमध आणून ठेवला. केसरने तिसऱ्या चौकटीतल्या पाचावर काट मारली. काट वाकडी आली. सहीची जागा तिने कोरी ठेवली. ‘बावन्नला द्या कप,’ ती म्हणाली, ‘पण तुमचे बावन्न एकदा वाळूला विचारून घ्या.’ त्यावर हर्षदभाई हसले नाहीत. केसरची बॅग उचलून ते फाटकापर्यंत तिच्यासोबत चालत आले, हे त्यांनी सात वर्षांत कधी केलं नव्हतं, आणि तिथे ‘आवजो’ म्हणताना त्यांनी तिचा खड्यांनी लाल झालेला हात दोन्ही हातांत धरून ठेवला.

रामचंद्र स्कूटरवर बसून वाट बघत होता, हेल्मेट आरशाला अडकवलेलं. मागे बसायच्या जागेवर त्याने जुना टॉवेल घडी करून ठेवला होता. कपाला खरचटू नये म्हणून, हे न विचारता कळत होतं.

‘काय मग? कप कुठाय?’

‘नाही मिळाला. कार्डच दिलं नाही मी.’

‘भांडलीस?’

‘नाही.’ तिने खिशातले खडे काढले आणि रस्त्याकडेला टाकले. अजूनही उशीर झालेला नव्हता. डोकं दुखतंय म्हणता आलं असतं, घरी जाऊन कोलंबी साफ करता आली असती, आरोहीचा पुण्याहून रविवारचा फोन आला असता आणि सगळं छान चाललंय असं सांगता आलं असतं, आणखी एक वर्ष, आणखी दोन. ‘अहो, गाडी चालू करू नका. तीन गोष्टी सांगायच्यात.’

‘घरी सांग की. ऊन लागतंय तुला.’

‘इथेच. घरी जाईपर्यंत राहतील की नाही, माहीत नाही.’

तो काहीतरी चेष्टेचं बोलणार होता, तोंड उघडलंही होतं. मग त्याने तिच्याकडे नीट पाहिलं. किल्ली फिरवून काढली, खिशात टाकली. स्कूटर स्टँडला लावली आणि तिच्यासमोर उभा राहिला, दोन्ही हात मोकळे सोडून.

‘लाभ,’ केसर म्हणाली, आणि स्वतःच्याच शब्दाला दचकली. पण थांबली नाही. नळ्यांचं सांगितलं, कुठला वार, कुठल्या दोन पेशंटांची नावं, कसं लक्षात आलं, कसं कुणाला सांगितलं नाही. सगळं ओतून झालं. मग तिने दुसरी भरायला घेतली आणि तोंडात काहीच आलं नाही. स्टँड दिसत होता, गाडीची पाटी दिसत होती, पण त्याला लावायचा शब्द कुठे ठेवलाय ते सापडेना. खाडीवरून वारा आला. ती त्याच्या शर्टाच्या दुसऱ्या बटणाकडे बघत राहिली. ओठ पुन्हा त्याच जुन्या शब्दाकडे वळत होते, ‘ला’ जिभेवर येऊन बसला होता.

तीस वर्षं माइकवर बोललेला माणूस फार हळू बोलला, फक्त तिलाच ऐकू जाईल असं.

‘दोन,’ तो म्हणाला.

‘दोन,’ केसर म्हणाली.